गेमिंग संगणकासाठी वेगवान एसएसडी कशी पारखावी

एसएसडीच्या, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हच्या, खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला आकडा सलग वाचनाच्या वेगाचा असतो: सेकंदाला ७,००० एमबी, १०,००० एमबी, अलीकडे १४,००० एमबीसुद्धा. हा आकडा सहसा खोटा नसतो, परंतु तो ज्या परिस्थितीत मोजलेला असतो ती परिस्थिती गेम खेळताना क्वचितच येते. एकच मोठी फाइल मोठमोठ्या तुकड्यांत, अनेक मागण्या एकाच वेळी रांगेत लावून वाचली, म्हणजे तो वेग दिसतो. गेम मात्र हजारो लहानमोठ्या फाइलींतून किंवा एखाद्या प्रचंड फाइलीच्या ठिकठिकाणच्या भागांतून माहिती उचलतो, कॉम्प्रेस केलेली ती माहिती प्रोसेसरकडून उलगडून घेतो आणि मगच ती ग्राफिक्स कार्डाच्या हवाली करतो. म्हणून एसएसडी पारखताना पहिला प्रश्न असा विचारावा की आपल्या संगणकात गेम सुरू होण्याचा वेळ नेमका कोण खातो. एसएसडी खात असेल तरच अधिक वेगवान एसएसडीचा उपयोग आहे.

स्लॉट काय देऊ शकतो

निवड करण्याआधी मदरबोर्डची माहितीपुस्तिका उघडावी आणि तिच्यातील एम.२ स्लॉटचे पान नीट वाचावे. एम.२ हे आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे, त्यावरून वेग कळत नाही. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी, आणि दिसायला जवळजवळ सारख्या अशा दोन पट्ट्यांपैकी एक साटा या जुन्या, हळू जोडणीची आणि दुसरी एनव्हीएमई या नव्या, वेगवान पद्धतीची असू शकते. साटाची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट असल्यामुळे प्रत्यक्षातला वेग ५५० एमबीच्या आसपास अडतो. एनव्हीएमई एसएसडी बहुधा पीसीआय एक्स्प्रेस (पीसीआयई) या मदरबोर्डवरच्या जोडणीच्या चार लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या चार वाटा, वापरते आणि तिची कमाल मर्यादा त्या लेनच्या पिढीवर ठरते: तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे ३.९ जीबी, चौथ्या पिढीत सुमारे ७.९ जीबी आणि पाचव्या पिढीत सुमारे १५.८ जीबी. पाचव्या पिढीची एसएसडी चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बिनतक्रार चालते, पण चौथ्या पिढीच्याच वेगाने.

घरगुती संगणकांत चौथी पिढी २०१९ मध्ये एएमडीच्या रायझन ३००० मालिकेबरोबर आणि एक्स५७० चिपसेटबरोबर (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची, इतर भागांना प्रोसेसरशी जोडणारी चिप) आली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ती २०२१ मध्ये, अकराव्या पिढीपासून आली. संगणक त्याआधीचा असेल तर तिसऱ्या पिढीची चांगली एसएसडी शोधावी, किंवा पुढे संगणक बदलताना सोबत नेता येईल या हिशोबाने चौथ्या पिढीची घ्यावी. पाचव्या पिढीची एसएसडी अशा संगणकात घालण्यात काहीच अर्थ नाही.

स्लॉट प्रोसेसरला थेट जोडलेला आहे की चिपसेटमार्फत, हेही त्याच पानावर दिलेले असते. चिपसेटमार्फत जोडलेल्या स्लॉटला यूएसबी, नेटवर्क आणि इतर एसएसडी यांच्याबरोबर एकच वाट वाटून घ्यावी लागते, त्यामुळे गेमची एसएसडी शक्यतो थेट जोडलेल्या स्लॉटमध्ये बसवावी. मात्र एक अपवाद आवर्जून तपासावा. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत पाचव्या पिढीच्या लेन फक्त ग्राफिक्स कार्डासाठी राखलेल्या सोळा लेनमध्ये आहेत. ज्या मदरबोर्डांवर या लेनमधून पाचव्या पिढीचा एम.२ स्लॉट काढलेला आहे, तिथे त्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवताच ग्राफिक्स कार्डाला सोळाऐवजी आठच लेन मिळतात. काही मदरबोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट भरला की साटाची एकदोन पोर्ट बंद होतात. ही माहिती बहुतेक वेळा बारीक अक्षरांतल्या तळटिपेत असते, म्हणून ती सावकाश वाचावी.

एसएसडी बसवून झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून ट्रान्स्फर मोडची ओळ पाहावी. तिथे उभ्या रेघेच्या डावीकडे सध्या मिळालेली जोडणी आणि उजवीकडे एसएसडीला झेपणारी जोडणी दिसते. एका मित्राच्या संगणकावर मी ही ओळ पाहिली तेव्हा डावीकडे पीसीआयई ३.० आणि उजवीकडे पीसीआयई ४.० असे लिहिलेले होते. चौथ्या पिढीचा मोकळा स्लॉट ग्राफिक्स कार्डाखाली झाकलेला असल्याने त्याने सोयीच्या, खालच्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली होती आणि कित्येक महिने तिचा निम्मा वेग वापराविना राहिला होता. दोन्ही बाजू सारख्या दिसल्याशिवाय पुढचे कोणतेही मोजमाप करू नये.

चार केबीचे वाचन

एसएसडीची खरी चपळता तिच्या लहान, विखुरलेल्या वाचनात कळते. क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवला की वाचनाचे आणि लेखनाचे चार-चार आकडे येतात. वरचे दोन सलग वाचनाचे, तिसरा ३२ मागण्या रांगेत लावून केलेल्या ४ केबीच्या वाचनाचा, आणि अगदी खालचा एका वेळी एकच मागणी ठेवून केलेल्या ४ केबीच्या वाचनाचा. बहुतेक लोक वरची ओळ पाहून खिडकी बंद करतात. मी खालच्या ओळीपासून सुरुवात करतो.

त्या ओळीत सेकंदाला ७,००० एमबी वेगाची एसएसडीसुद्धा ७० ते १०० एमबी इतकाच वेग दाखवते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बिघडली आहे असे वाटते. त्यामागचे गणित साधे आहे. फ्लॅश मेमरीतून, म्हणजे एसएसडीतल्या माहिती साठवणाऱ्या चिपमधून, एक लहान तुकडा मागितल्यापासून तो हाती येईपर्यंत सुमारे ५० मायक्रोसेकंद जातात. एक मागणी पूर्ण झाल्यावरच दुसरी करायची असेल, तर एका सेकंदात अशी २०,००० वाचने होतील. प्रत्येक वाचन ४ केबीचे, म्हणजे सेकंदाला साधारण ८० एमबी. इथे लेनची पिढी बदलून फारसे काही हाती लागत नाही, कारण वेळ फ्लॅश मेमरी आणि एसएसडीचे काम चालवणारी कंट्रोलर चिप घेतात, लेन घेत नाहीत. माहितीपत्रकात सेकंदाला दहा लाख वाचनांचा दावा असतो, तो समांतर चालणाऱ्या अनेक कामांतून एकाच वेळी शेकडो मागण्या टाकून मिळवलेला असतो.

आता हाच आकडा गेमच्या मापाने पाहू. सेकंदाला ६० फ्रेम चालत असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो आणि डोके हलवण्याचा वेळ आणखी वेगळा लागतो. म्हणजे चालू गेममध्ये हार्ड डिस्ककडून एक तुकडा मागवला तरी निम्म्याहून अधिक फ्रेमचा वेळ निघून जाऊ शकतो, आणि खेळणाऱ्याला ते अडखळणे स्पष्ट जाणवते. एसएसडीचे ५० मायक्रोसेकंद म्हणजे त्याच फ्रेमचा तीनशेवा भागही नव्हे. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना जो फरक वाटतो तो एका एसएसडीवरून दुसऱ्या एसएसडीवर जाताना का वाटत नाही, त्याचे उत्तर या तुलनेत आहे. दोन एसएसडींपैकी एकीचे खालच्या ओळीतले वाचन ६० एमबी आणि दुसरीचे ९० एमबी असेल, तर गेमिंगच्या दृष्टीने हा फरक सलग वाचनातल्या ३,००० एमबीच्या फरकापेक्षा अधिक मोलाचा आहे असे माझे मत आहे.

या चाचणीतली एक पळवाट मात्र बंद करायला हवी. कोणती माहिती फ्लॅश मेमरीत कुठे ठेवली आहे याचा तक्ता एसएसडीला सतत पाहावा लागतो, आणि साधारणपणे १ टीबी क्षमतेमागे हा तक्ता १ जीबीचा असतो. महाग एसएसडींवर तो ठेवण्यासाठी डीरॅम या वेगवान तात्पुरत्या मेमरीची स्वतंत्र चिप असते. स्वस्त एसएसडी संगणकाच्या मुख्य रॅममधून थोडी जागा उसनी घेतात, आणि ती अनेकदा ६४ एमबीच्या आसपास असते. एवढ्या जागेत अंदाजे ६४ जीबी माहितीचाच तक्ता मावतो. क्रिस्टलडिस्कमार्कची नेहमीची चाचणी अवघ्या १ जीबीच्या फाइलीवर होते, त्यामुळे डीरॅम असलेली आणि नसलेली एसएसडी तिच्यात सारखीच दिसू शकते. चाचणी फाइलीचा आकार ६४ जीबी निवडून ती एकदा पुन्हा चालवावी. चार केबीचे वाचन या वेळी फारच घसरले, तर शंभर जीबीहून मोठ्या गेममध्येही तसेच काहीसे होईल असे समजावे. थोडीच घसरण झाली तर डीरॅम नाही म्हणून ती एसएसडी नाकारण्याचे कारण नाही.

गेमचा स्वतःचा वेळ मोजणे

चाचणी प्रोग्रॅमचे आकडे कितीही काळजीपूर्वक घेतले तरी शेवटचा निकाल गेमच देतो. त्यासाठी आपण नेहमी खेळतो ते दोन किंवा तीन गेम निवडावेत, त्यांतला एक मोठ्या खुल्या जगाचा असावा. प्रत्येकात एक ठरावीक सेव्ह ठेवावी, आणि सेव्ह उघडण्याचे बटण दाबल्यापासून पात्र हलवता येईपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजावा. घड्याळ हाताने दाबण्यापेक्षा स्क्रीनचे रेकॉर्डिंग करून फ्रेम मोजणे अधिक अचूक ठरते, मात्र रेकॉर्डिंगची फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर साठवावी.

तीन गोष्टी हे मोजमाप बिघडवतात. गेम नवा बसवल्यावर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या वेळी शेडर (दृश्य रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होतात, तो वेळ प्रोसेसरचा असतो, म्हणून पहिली फेरी मोजणीत धरू नये. दुसरे, विंडोज एकदा वाचलेली माहिती मोकळ्या रॅममध्ये राखून ठेवते. तोच गेम लगेच पुन्हा उघडला तर बरीचशी माहिती रॅममधून येते आणि एसएसडीची परीक्षा होतच नाही, म्हणून प्रत्येक फेरीआधी संगणक रीस्टार्ट करून दोन-तीन मिनिटे शांत राहू द्यावा. तिसरे, पार्श्वभूमीत चालणारे अपडेट आणि व्हायरस तपासणी. निदान पाच फेऱ्या घ्याव्यात, वेळा चढत्या क्रमाने लावाव्यात आणि त्यांतली मधली नोंद ग्राह्य धरावी, कारण एखादी बिनसलेली फेरी सरासरी बिघडवते, मधल्या नोंदीला मात्र सहसा धक्का लावत नाही.

सेव्ह उघडत असताना दुसऱ्या स्क्रीनवर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवावा. प्रोसेसरचे एकदोन कोर पूर्ण क्षमतेने राबत आहेत आणि एसएसडीचा आलेख २०–३० टक्क्यांवर रेंगाळतो आहे असे दिसले, तर अडचण माहिती उलगडण्यात आहे. अशा संगणकात तिप्पट वेगाची एसएसडी घातली तरी एखाददुसरा सेकंद वाचला तर वाचेल. आलेख १०० टक्क्यांना टेकून राहत असेल तर मात्र नवी एसएसडी घेण्यात अर्थ आहे. प्रत्यक्ष गेमच्या वाचनाच्या नोंदी पुन्हा चालवून तुलना करणारी, थ्रीडीमार्क या चाचणी प्रोग्रॅममधली स्टोरेज चाचणी २०२१ पासून उपलब्ध आहे. तिच्यात एकूण गुणांबरोबर माहिती हाती येण्याचा सरासरी वेळही मिळतो, आणि दोन एसएसडींची तुलना करताना मला हा वेळ गुणांपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

पाचव्या पिढीच्या बाजूने एक मुद्दा आवर्जून मांडायला हवा. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये विंडोजसाठी डायरेक्टस्टोरेज ही सोय गेम बनवणाऱ्यांना खुली केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहिती उलगडण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याची जोड तिला दिली. गेम ही सोय वापरतो तेव्हा अनेक मागण्या एकगठ्ठा पाठवल्या जातात, प्रोसेसरवरचा भार हलका होतो आणि एसएसडीच्या मोठ्या वेगाला खरोखर वाव मिळतो. जानेवारी २०२३ मध्ये आलेला फोरस्पोकन हा ती वापरणारा पहिला संगणकीय गेम होता. त्यानंतर अशा गेमची संख्या वाढली आहे, तरी बहुसंख्य गेम अजून जुन्याच पद्धतीने माहिती वाचतात. दुसरीकडे, प्लेस्टेशन ५ मध्ये जोडायच्या एसएसडीसाठी सोनीने सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून अधिक वाचनवेगाची शिफारस केलेली आहे. आजचे अनेक मोठे गेम कन्सोल समोर ठेवून घडवले जातात, त्यामुळे त्या मापाची चौथ्या पिढीची चांगली एसएसडी गेमिंगसाठी पुरेशी आहे, आणि उरलेला पैसा अधिक क्षमतेवर घालवावा, असेच मी विचारणाऱ्याला सांगतो.

कॅश संपल्यानंतर

लेखनाचा छापील वेग हा कॅश, म्हणजे एसएसडीतली झटपट लिहिण्याची तात्पुरती जागा, शिल्लक असेपर्यंतचा वेग असतो. फ्लॅशचे टीएलसी आणि क्यूएलसी असे दोन प्रकार सर्रास मिळतात. टीएलसी फ्लॅशच्या एका पेशीत तीन बिट आणि क्यूएलसीच्या पेशीत चार बिट मावतात, पण घाईच्या वेळी कंट्रोलर प्रत्येक पेशीत एकच बिट झपाट्याने लिहितो आणि पुढे सवडीने माहिती दाटीवाटीने रचतो. त्यामुळे टीएलसी एसएसडीवर ९०० जीबी मोकळी जागा असेल तर अशी कॅश जास्तीत जास्त ३०० जीबीची होऊ शकते, आणि एसएसडी भरत गेल्यावर मोकळी जागा ३०० जीबी उरली की कॅश १०० जीबीच्या वर जाऊ शकत नाही. बऱ्याच कंपन्या ती याहूनही लहान ठेवतात.

कॅश संपल्यावर चांगली टीएलसी एसएसडी सेकंदाला हजार एमबीच्या आगेमागे टिकून राहते. क्यूएलसी एसएसडी काही वेळा शंभरावर येते, म्हणजे हार्ड डिस्कच्याही मागे पडते. हे पाहण्यासाठी तितक्याच वेगवान दुसऱ्या एसएसडीवरून दोन-तीनशे जीबीचे गेमचे फोल्डर कॉपी करावे आणि कॉपीच्या खिडकीतला आलेख पाहावा. आधी सपाट रेघ, मग एकदम उतरलेली पायरी आणि पुन्हा सपाट रेघ असे चित्र दिसते. पायरी किती जीबीवर आली आणि खालची रेघ किती उंचीवर स्थिरावली, हे दोन आकडे लिहून ठेवावेत.

गेमरला याचा त्रास कधी होतो? डाउनलोड करताना सहसा होत नाही, कारण सेकंदाला १ गिगाबिटचे इंटरनेट असले तरी माहिती १२५ एमबीपेक्षा वेगाने येतच नाही. त्रास होतो तो अपडेटच्या वेळी. काही गेमची सगळी सामग्री अवाढव्य फाइलींत बांधलेली असते, आणि डाउनलोड अवघे ३–४ जीबीचे असले तरी त्या फाइली वाचून नव्याने लिहाव्या लागतात. गच्च भरलेल्या क्यूएलसी एसएसडीवर हे काम किती रेंगाळते ते अनुभवल्यावरच कळते. तरीही क्यूएलसी सरसकट वाईट नाही. विंडोज आणि रोजचे काम टीएलसीवर आणि क्वचित बदलणारे गेम मोठ्या क्यूएलसीवर, ही वाटणी समंजस आहे. दोन्हींवर निदान १५ टक्के जागा मोकळी ठेवावी, आणि १ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते हे हिशोबात धरावे.

उष्णता

बहुतेक एसएसडींसाठी कंपन्या ० ते ७० अंश सेल्सिअस ही कामाची मर्यादा देतात. कंट्रोलर फार तापला की एसएसडी स्वतःच वेग कमी करते. सलग लेखन चालू ठेवून आलेखात वेग करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होताना दिसला, तर ती उष्णतेची खूण आहे. कॅश संपल्यावर आलेख एकदाच खाली येतो आणि तिथेच राहतो, त्यामुळे दोन्ही कारणे वेगळी ओळखता येतात. चाचणी संगणकाचे झाकण लावून आणि ग्राफिक्स कार्डावर भार ठेवून करावी, कारण एम.२ स्लॉट अनेकदा त्याच कार्डाच्या गरम हवेत असतो.

मदरबोर्डबरोबर आलेला हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारी धातूची पट्टी, चौथ्या पिढीसाठी पुरतो. पाचव्या पिढीच्या काही एसएसडी भाराखाली १० वॅटच्या आसपास वीज घेतात, तिथे जाड हीटसिंक आणि वाहती हवा दोन्ही लागतात. हीटसिंक बसवताना त्याच्या मऊ पट्टीवरचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नये. तो नखाने कोपऱ्यातून उचलावा लागतो आणि उजेडात तिरपे धरल्याशिवाय दिसतही नाही. तो तसाच राहिला तर पट्टी चिपला टेकलेली दिसते, उष्णता मात्र नीट पोहोचत नाही. एसएसडीवरचा कागद किंवा तांब्याची पट्टी सोलण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

टिकाऊपणा आणि पहिल्या दिवशीची तपासणी

टिकाऊपणाची चिंता गेमरने फार करू नये. १ टीबीच्या टीएलसी एसएसडींना साधारणपणे पाच वर्षे किंवा ६०० टीबी लेखन, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवरची वॉरंटी असते. त्याचा हिशोब रोज सुमारे ३२८ जीबी लेखनाचा होतो. रोज एक मोठा गेम काढून दुसरा बसवणाऱ्याचेही एवढे लेखन सहसा होत नाही. क्यूएलसीसाठी हा आकडा बराच कमी, अनेकदा १ टीबीमागे दोनशे-सव्वादोनशे टीबीच्या आसपास असतो. गेमसाठी तोही पुरतो, सतत व्हिडिओ रेकॉर्ड करणाऱ्याला मात्र अपुरा पडू शकतो.

मला खरी काळजी वाटते ती आतला माल बदलण्याची. मॉडेलचे नाव तेच ठेवून आतला कंट्रोलर किंवा फ्लॅश बदलल्याची उदाहरणे या व्यवसायात घडलेली आहेत, आणि अशा वेळी वर्षापूर्वीची स्तुतिपर समीक्षा तुमच्या हातातल्या एसएसडीला लागू पडत नाही. म्हणून समीक्षेतल्या चिपचे छायाचित्र, फर्मवेअरची (एसएसडीच्या आतल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती आणि माहितीपत्रकाची तारीख आपल्या एसएसडीशी ताडून पाहावी. चालू वापरातल्या चुका फर्मवेअर बदलून दुरुस्त केल्या जातात, त्यामुळे कंपनीच्या अधिकृत प्रोग्रॅममधून नवी आवृत्ती आली आहे का हे महत्त्वाचे काही साठवण्याआधीच पाहावे.

खोके उघडल्यावर सर्वांत आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चालू राहिल्याचे तास आणि एकूण लेखन पाहावे. नव्या म्हणून घेतलेल्या एसएसडीवर हे आकडे शून्याच्या अगदी जवळ हवेत. तिथे शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे, आणि तिच्यावर काहीही न लिहिता ती परत करावी. आकडे ठीक असतील तर वरच्या सगळ्या चाचण्या परत करण्याची मुदत संपण्याच्या आत उरकाव्यात आणि प्रत्येक निकालाचे स्क्रीनशॉट तारखेसह दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवावेत. सहा महिन्यांनी एसएसडी मंदावल्याची शंका आली, तर तेवढीच जागा मोकळी करून, त्याच स्लॉटमध्ये, त्याच चाचण्या पुन्हा चालवाव्यात आणि चार केबीच्या वाचनाची ओळ आधी पाहावी.